इनामदारांच्या घरातलं शांत बाळ

क्लॅपची पाटी गार्गीच्या कानापासून हातभर अंतरावर कडाडली आणि माझ्या मुलीची पापणीसुद्धा हलली नाही.

"वा," मॉनिटरमागून दिग्दर्शक पराग सर म्हणाले. "बारा वर्षांत असं बाळ मिळालं नव्हतं."

शेजारी उभ्या असलेल्या सासूबाईंनी माझ्या दंडाला हळूच कोपर लावलं. "ऐकलंस?"

मी ऐकलं होतं. सरांचं कौतुकही आणि त्याआधी कडाडलेली ती पाटीही. पाटीच्या आवाजाला मी दचकले होते, दिवे धरून उभा असलेला माणूस दचकला होता, खिडकीच्या गजावरची चिमणी उडून गेली होती. आणि माझी आठ महिन्यांची मुलगी लोडाला टेकून, आपल्या पायाचा अंगठा दोन्ही हातांत धरून, समोरच्या झेंडूच्या माळेकडे बघत बसली होती.

गार्गीला ऐकू येत नाही, असं मला दोन महिन्यांपासून वाटत होतं.

घरात ते सांगून सांगून माझी जीभ झिजली होती. कुकरची शिट्टी झाली की मी गॅसकडे न बघता तिच्याकडे बघायची. एकदा मुद्दाम स्टीलचं ताट फरशीवर पाडलं होतं. ती कधी वळायची, कधी वळायची नाही. वळली की सगळे म्हणायचे, बघ. नाही वळली की म्हणायचे, खेळात आहे. चौथ्या महिन्यात ती हुंकार द्यायची, ते कमी कमी होत गेले होते; पण हे माझ्याशिवाय कुणी मोजलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, पुढच्या लसीला याल तेव्हा बघू. माझा नवरा केदार म्हणाला, "तू आधी मोबाइलवर वाचणं बंद कर." आणि सासूबाई म्हणाल्या, "केदार तीन वर्षांचा होईपर्यंत एक शब्द बोलला नव्हता. आता गप्प बसतो का?" मग थोडं थांबून, "तुला बाई कशात चांगलं म्हणून दिसतच नाही."

त्यात हे शूटिंग आलं. साताऱ्याबाहेर, कोरेगावच्या रस्त्याला एका बंगल्यात 'इनामदारांची थोरली' या मालिकेचं चित्रीकरण चाले. आमच्याकडे रोज संध्याकाळी साडेसातला ती लागायची आणि त्या अर्ध्या तासात सासूबाईंना कुणी पाणीसुद्धा मागत नसे. मालिकेत थोरल्या सुनेला मुलगी झाली होती आणि तिची सासू, म्हणजे आईसाहेब, नातीचं तोंड बघायला तयार नव्हत्या. त्या नातीसाठी बाळ हवं होतं. आधीची दोन बाळं क्लॅप वाजला की भोकाड पसरत आणि तिसरं आईसाहेबांची नथ बघून घाबरलं होतं. सासूबाईंच्या भिशीतल्या एका मैत्रिणीने आमचं घर सुचवलं.

कृतिका नावाची सहायक दिग्दर्शक बाळ बघायला आली. गार्गीला पाच मिनिटं न्याहाळलं, मग हातातला किल्ल्यांचा जुडगा तिच्या पाठीमागे फरशीवर टाकला. गार्गी हसत राहिली. "हीच," कृतिका म्हणाली. ज्या गोष्टीमुळे माझी झोप उडाली होती, तीच त्या मुलीने वहीत 'शांत' अशी लिहून घेतली.

मी नाही म्हणू शकले असते. म्हटलं नाही. खरं सांगायचं तर 'शांत' हा शब्द मला हवा होता. घरच्यांच्या समजुतीवर माझा विश्वास नव्हता, पण ही माणसं रोज बाळं बघणारी. ती म्हणतायत म्हणजे असेलही, असं मनाच्या एका कोपऱ्यात वाटलं आणि मी त्या कोपऱ्यात जाऊन बसले.

आणि मग सेटवर पाऊल ठेवलं तेव्हा मी, एम.एस्सी. झालेली बाई, तोंड उघडं टाकून बघत राहिले. रोज टीव्हीत दिसणारं इनामदारांचं देवघर तीन भिंतींचं होतं. चौथी भिंत बाहेर अंगणात, पारिजातकाला टेकवून ठेवलेली होती. माडीवर जाणारा जिना सातव्या पायरीला संपत होता. सासूबाईंनी चप्पल काढून देवघरापुढे हात जोडले.

"मावशी, ते देव थर्माकोलचे आहेत," चहा घेऊन आलेले स्पॉटदादा म्हणाले.

"असू देत. रोज साडेसातला घरून नमस्कार करते मी त्यांना. समोर आल्यावर नाही करायचा?"

तेवढ्यात इंदुताई खांबेटे आत आल्या. म्हणजे आईसाहेब. आमच्या घरी रोज संध्याकाळी ज्यांचा 'मेली' म्हणून उद्धार होई, त्या. सासूबाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "नमस्कार हो."

इंदुताई सत्तरीच्या असतील. टीव्हीत दिसतात त्यापेक्षा पुष्कळ लहानखुऱ्या. त्यांनी सासूबाईंकडे, माझ्याकडे आणि मग बराच वेळ गार्गीकडे पाहिलं. कोपऱ्यातली खुर्ची ओढून भिंतीला टेकवली आणि तिथे बसून सगळ्यांचे चेहरे वाचत राहिल्या.

वाचत, हाच शब्द बरोबर आहे. मला स्वतःला माणसं न्याहाळायची खोड आहे, पण असं बघणं मी आधी कुणाचं पाहिलं नव्हतं. कुणी बोलायला तोंड उघडणार, त्याच्या क्षणभर आधी त्यांची नजर त्याच्यावर गेलेली असे.

गार्गीवर पाटीची ती चाचणी झाल्यावर पहिला प्रसंग त्यांचा आणि थोरल्या मुलाचा होता. ते काम निषाद नावाचा देखणा नट करत होता. मालिकांत असतं तसं त्याने पुढे कॅमेऱ्याकडे तोंड करून बोलायचं होतं आणि आईसाहेबांनी त्याच्या पाठीमागे उभं राहून उत्तर द्यायचं होतं.

"मी पाठीशी बोलत नाही," इंदुताई म्हणाल्या. "त्याला माझ्याकडे वळव."

"ताई, एका फ्रेममध्ये दोघांचे चेहरे हवेत मला," पराग सर म्हणाले.

"मग मला पुढे उभं कर आणि समोर आरसा लाव. आई मुलाशी बोलते तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघते, पराग. मानेकडे नाही."

आरसा आला. तो शोधून, पुसून, उजेड लावेपर्यंत वीस मिनिटं गेली. तेवढ्या वेळात निषाद त्यांच्या मागे दोन पावलांवर उभा राहून दिवेवाल्याला म्हणाला, "ताईंना पाठ चालत नाही. पाया पडणारेच लागतात." मला ते स्पष्ट ऐकू आलं, सासूबाईंनाही. इंदुताईंच्या चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नाही.

"बघ," सासूबाई माझ्या कानाशी कुजबुजल्या. "याला म्हणतात मोठेपणा. ऐकून न ऐकल्यासारखं करायचं. शीक जरा."

मग प्रसंग सुरू झाला आणि मी सगळंच विसरले. निषाद एका वाक्याला अडखळला, पुढचं आठवेना. आरशात बघत असलेल्या इंदुताईंनी त्याचंच विसरलेलं वाक्य त्याला प्रश्न करून विचारलं, "म्हणजे तू हे घर सोडून जाणार, असंच ना?" आणि तो "हो" म्हणून पुढे निघाला. कुणाला कळलंही नाही की मधे एक खड्डा होता. मी अंगावरचा काटा हाताने दाबत उभी होते. त्या बाईला नुसतं आपलं नाही, समोरच्याचंही सगळं पाठ होतं.

जेवणाच्या सुट्टीआधी गार्गीचा मुख्य प्रसंग होता. उष्टावणाची गडबड बाहेर चालू आहे, खोलीत लाकडी दिवाणावर बाळ एकटं बसलंय. आईसाहेब चोरपावलांनी मागून येतात. नातीचं तोंड बघायचं नाही अशी शपथ घेतलेली. पण राहवत नाही. त्या हाक मारतात, "चिऊ." बाळ वळून बघतं. बस, एवढंच. आठवडाभर याच एका वळण्याची जाहिरात दाखवणार होते.

पहिल्या टेकला गार्गी वळली नाही.

"काही हरकत नाही, बाळ आहे," पराग सर म्हणाले.

दुसऱ्याला नाही, तिसऱ्याला नाही. कृतिकाने कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर बसून खुळखुळा वाजवला. कुणी टाळी वाजवली. स्पॉटदादांनी मांजराचा आवाज काढला, तो इतका हुबेहूब होता की दोघंजण मांजर शोधायला लागले. गार्गी माळेकडे बघत राहिली.

"आईने हाक मारून बघू या," सर म्हणाले. "ओळखीचा आवाज."

मी दिवाणामागे जाऊन उभी राहिले. समोर तीस-चाळीस माणसं, सगळी गप्प. "गार्गू," मी म्हटलं. "गार्गी. ए गार्गूबाई." माझा आवाज मला विहिरीत पडल्यासारखा वाटला. दोन महिने घरात मी एकटी जे बघत होते, ते आता एवढी माणसं बघत होती आणि एकालाही दिसत नव्हतं.

"आमची गार्गी ध्यानाला बसलीय," सासूबाई म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसले, ते मला आजही टोचतं.

आठ टेक झाले. "तिचं वळणं वेगळं घेऊ, नंतर जोडू," पराग सर घड्याळ बघत म्हणाले.

"आणखी एक," इंदुताई म्हणाल्या. "आणि मी सांगेपर्यंत कट म्हणू नकोस."

पाटी कडाडली. इंदुताई दारातून आल्या. या खेपेला चोरपावलं नव्हती. दिवाण ठेवला होता त्या फळ्यांच्या जमिनीवर टाच ठासून टेकवत, एकेक पाऊल मोजून टाकत आल्या. दिवाणाच्या कडेला बसल्या. एक हात गादीवर ठेवला. आणि म्हणाल्या, "चिऊ."

गार्गी वळली.

तिने वर पाहिलं आणि समोर इंदुताईंचा चेहरा होता. त्या चेहऱ्यावर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. तीनशे भाग जो चेहरा दाराच्या कडीसारखा बंद होता, तो उघडला. त्या बोलत होत्या, पण आवाज नव्हता, नुसते ओठ. चिऊ. चिऊताई. कुठे होतीस? ओठ मोठे होत, मिटत, गोल होत आणि गार्गी टक लावून बघत होती. मग तिने हात उचलला, आपली पाच बोटं त्या ओठांवर ठेवली आणि खळखळून हसली. तिला इतकं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं.

कुणीही हललं नाही. दिवेवाला डोळे पुसत होता. पराग सर कट म्हणायचं विसरून मॉनिटर सोडून उभे राहिले होते. आपण देवळात आहोत की काय, असं मला वाटलं. थर्माकोलच्या का होईना.

"झालं," इंदुताई शेवटी म्हणाल्या आणि टाळ्या सुरू झाल्या.

"वळली की नाही?" सासूबाईंनी मला मिठीच मारली. "चिऊ म्हटल्याबरोबर वळली. दोन महिने नुसता जीव खाल्लास आमचा." त्यांचा आवाज भरून आला होता आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्याही भीत होत्या.

मी हसत होते, रडत होते. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता. गार्गीला उचलून सासूबाईंकडे दिलं तेवढ्यात कृतिका आली. "ताईंनी तुम्हाला मेकअप रूममध्ये बोलावलंय. एकटीला."

मी पाया पडायच्या तयारीनेच गेले. इंदुताईंनी दार लावलं. आरशाभोवती दिव्यांची रांग होती. "इथे बस, उजेडात," त्या म्हणाल्या आणि माझ्यासमोर स्टूल ओढून बसल्या.

"तुमचे उपकार कसे..." मी सुरुवात केली.

"ती माझ्या आवाजाने वळली नाही," इंदुताई म्हणाल्या. "मी फळीवर टाच आपटली आणि गादी दाबली. दिवाण हलला म्हणून वळली."

मी तळहाताने गाल पुसले.

"तुझ्या मुलीला ऐकू येत नाही. तुला माहीत आहे ते. सकाळी पाटी वाजली तेव्हा सगळे बाळाकडे बघत होते. मी तुझ्याकडे बघत होते."

मला राग आला. खरंच आला. पाच मिनिटांपूर्वी जे दिलं, ते या बाईने परत काढून घेतलं होतं. "तुम्ही डॉक्टर नाही आहात," मी मान खाली घालून म्हटलं.

त्यांनी माझ्या हनुवटीला धरून चेहरा वर केला. "मान वर करून बोल. काय म्हणालीस?"

"तुम्ही डॉक्टर नाही आहात."

"नाही. मला डाव्या कानाने काही ऐकू येत नाही. उजव्याने दूर कुठे भांडी घासतायत तेवढं येतं. नऊ वर्षं झाली."

मी बघत राहिले. बाहेर कुणीतरी जेवायला हाका मारत होतं, ते ऐकू येत होतं, मला.

"पण तुमचे संवाद..."

"सगळ्यांचे पाठ करते. सगळ्यांचे म्हणजे सगळ्यांचे. मग ओठ बघायचे. पाठमोरा माणूस माझ्यासाठी मुका असतो, म्हणून वळवायला लावते. लोकांना नखरे वाटतात. वाटू देत, नखऱ्याला काम मिळतं, बहिरेपणाला मिळत नाही." त्या किंचित हसल्या. "तो निषाद माझ्या पाठीमागे काहीतरी बोलत असणार. काय ते माहीत नाही."

मला माहीत होतं. मी सांगितलं नाही.

"तुझी मुलगी सकाळपासून माणसांच्या तोंडाकडे बघतेय. माझ्यासारखी. पण मी साठ वर्षं ऐकून मग बहिरी झाले गं. शब्द माझ्याकडे आधीच होते. तिच्याकडे एकही नाही. ते तिला आत्ताच मिळायला हवेत. पुण्याला ने, कानाची तपासणी कर. पुढच्या लसीपर्यंत थांबू नकोस. हल्ली पुष्कळ करता येतं, पण वेळेत नेलं तर."

"तुम्ही मला तुमचं का सांगितलंत? नुसतं हिचं सांगायचं."

"नुसतं सांगितलं असतं तर तू विश्वास ठेवला नसतास. फार आनंदात होतीस."

दारापर्यंत गेले आणि परत वळले. "मी कुणाला बोलणार नाही."

"ते नंतर. आधी तिचं बघ," त्या म्हणाल्या आणि नथ काढून डबीत ठेवायला लागल्या.

मी खरंच कुणाला बोलले नाही, केदारलाही नाही. गेल्या वर्षी इंदुताईंनी स्वतःच एका मुलाखतीत सगळं सांगून टाकलं, दोन्ही कानांतली यंत्रं कॅमेऱ्याला दाखवून, म्हणून आता लिहिते आहे. तो प्रसंग अजूनही लोक मोबाइलवर एकमेकांना पाठवतात. आजीचा आवाज ऐकून बाळ कसं वळलं बघा, असं खाली लिहिलेलं असतं. गार्गी आता नऊ वर्षांची आहे. तिच्या डोक्यात शस्त्रक्रिया करून बसवलेलं ऐकण्याचं यंत्र आहे आणि तिच्या तोंडाला दिवसभर उसंत नाही. तिला ते वाक्य वाचून फार हसू येतं.

पण त्या दुपारी मी मेकअप रूममधून बाहेर आले तेव्हा ओसरीत सतरंजीवर गार्गी वाटी-चमचा घेऊन बसली होती आणि सासूबाई फोनवर आपल्या बहिणीला सांगत होत्या, "अगं, एका हाकेत वळली."

त्यांचा फोन होईपर्यंत मी थांबले. मग म्हटलं, "आई, ती हाकेने वळली नाही. दिवाण हलला म्हणून वळली."

"कोण म्हणालं?"

"कुणी नाही. मला कळलं."

"पुन्हा सुरू झालं का तुझं?" त्या म्हणाल्या. पण त्यात नेहमीचा जोर नव्हता. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्यांना तिथे काय दिसलं माहीत नाही. गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या आणि गार्गीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"सावली पडू देऊ नका," मी म्हटलं.

एरवी त्यांनी मला फाडून खाल्लं असतं. त्या निमूट दोन पावलं बाजूला सरकल्या, खांबाच्या आड.

"गार्गी," त्या म्हणाल्या. नेहमीच्या लाडाच्या आवाजात. मग जरा मोठ्याने, "गार्गी." मग अंगणातल्या माणसाला हाक मारावी तशी. पंगतीत जेवणाऱ्यांचे हात थांबले. पराग सर ताट घेऊन तसेच उभे राहिले. सासूबाईंना कुणाची लाज उरली नव्हती. ज्या बाईने आयुष्यात चार लोकांत आवाज चढवला नव्हता, ती आता सगळा बंगला दणाणून टाकत होती. "गार्गी. अगं ए गार्गी."

गार्गीने चमचा वाटीत घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला.

सासूबाई खांबाला धरून हळूहळू खाली बसल्या. मग पदराने तोंड पुसलं, पिशवी जवळ ओढली आणि दुपटं, दुधाची बाटली, टोपडं एकेक करून भरायला लागल्या.

"पुण्याची आता लगेचची गाडी किती वाजता आहे गं?" त्यांनी विचारलं.